पीआर आहे, पासपोर्ट नाही: कॅनडाच्या केंद्र सरकारी नोकरीत आपला नंबर कुठे लागतो?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्याहून आलेले एक सॉफ्टवेअर इंजिनिअर ब्रॅम्प्टनला राहतात. पीआर, म्हणजे कायमच्या वास्तव्याची परवानगी, मिळून दोन वर्षं झाली. कॅनडाच्या केंद्र सरकारच्या ‘जीसी जॉब्स’ या नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर त्यांनी अकरा अर्ज केले, एकाचंही बोलावणं आलं नाही. एक मित्र सांगतो, “सिटिझन झाल्याशिवाय ते अर्ज उघडूनसुद्धा बघत नाहीत.” दुसरा म्हणतो, “अरे, आपण व्हिजिबल मायनॉरिटी. आपल्याला कोटा आहे. तो चौकोन टिक कर, काम झालं.” आणि घरून बायकोचं म्हणणं, नागरिकत्व घेतलं तर गावची जमीन जाईल. यातलं खरं काय, आणि आता करायचं काय?

तिघंही थोडं थोडं खरं बोलतायत, पण त्या थोड्यावर विसंबून अर्ज करत राहिलात तर बारावाही तसाच जाईल. मी ओटावात केंद्र सरकारच्या भरतीच्या कामात अठरा वर्षं आहे, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. त्याआधी डोंबिवलीत राहून एमपीएससीचे दोन अटेम्प्ट दिले होते. त्यामुळे आपल्या माणसांच्या डोक्यात ‘सरकारी भरती’ म्हटल्यावर कोणतं चित्र उभं राहतं ते मला चांगलं ठाऊक आहे, आणि निम्मा घोळ त्या चित्राचाच आहे.

पहिल्या मित्रापासून सुरुवात करू. त्याने सांगितलं ते एके काळी खरं होतं. इथला भरतीचा कायदा म्हणजे पब्लिक सर्व्हिस एम्प्लॉयमेंट अ‍ॅक्ट. त्याच्या ३९व्या कलमात, बाहेरच्या लोकांसाठी जाहिरात देऊन भरती करताना कुणाला आधी घ्यायचं त्याचा क्रम दिलाय. सगळ्यात आधी युद्धसेवेमुळे पेन्शन मिळणारे, मग माजी सैनिक आणि त्यांच्या पश्चात राहिलेले जोडीदार, त्यानंतर कॅनडाचे नागरिक, आणि उरलेले सगळे शेवटी. पीआरवाले या उरलेल्यांत. कागदोपत्री अर्ज करायला बंदी नव्हती, पण क्रम असा असल्यावर व्यवहारात काय होतं ते मी स्वतः केलंय, म्हणून सांगतो.

साधारण दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. खात्याचं नाव राहू दे. एका कनिष्ठ विश्लेषकाच्या जागेसाठी जाहिरात लावली आणि पाचशेच्या वर अर्ज आले. मॅनेजरला हवे होते तीन. अर्जात एक रकाना असायचा: कॅनेडियन नागरिक, पर्मनंट रेसिडेंट, की इतर. सगळी यादी एक्सेलमध्ये उतरवली, त्या रकान्यावर फिल्टर लावला, ‘नागरिक’ ठेवून बाकीच्या खुणा काढल्या. पडद्यावरची यादी आखडली. त्यात उरलेलेच तिघांच्या कितीतरी पट होते, तेव्हा पुढचं कुणी बघायची गरजच नव्हती. नियमबाह्य काही नव्हतं. लपलेल्या ओळींमध्ये एक आडनाव माझ्या शाळेतल्या मित्राचं होतं. तोच होता की त्या आडनावाचा दुसरा कोणी, हे मी तपासलं नाही. तपासायचं नसतंही. पण त्या दिवसापासून ‘अर्ज उघडूनसुद्धा बघत नाहीत’ हे वाक्य ऐकलं की मला हसू येत नाही.

या क्रमाविरुद्ध लोक कोर्टात गेले होते, आणि तो निकाल आपल्या लोकांनी समजून घेण्यासारखा आहे. त्याआधी १९८९ मध्ये अँड्र्यूज खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की ब्रिटिश कोलंबियात वकिली करायला नागरिकत्वाची अट घालणं हा भेदभाव आहे. नागरिक नसणं हाही कॅनडाच्या हक्कांच्या सनदेतल्या समानतेच्या १५व्या कलमाखाली संरक्षण मिळण्याजोगा आधार ठरला. त्या बळावर एलिझाबेथ लाव्वा, जनीन बेली आणि जान टो-थान-हियेन या तीन स्त्रिया सरकारी भरतीतल्या प्राधान्याविरुद्ध लढल्या. एक ऑस्ट्रियाची, एक नेदरलँड्सची, एक फ्रान्सची नागरिक. ऑस्ट्रिया आणि नेदरलँड्स दुहेरी नागरिकत्वाबाबत कडक. इथलं घ्यायचं तर तिथलं सोडायचं, म्हणजे आपल्यासारखीच गत.

मार्च २००२ मध्ये निकाल लागला आणि त्या सहा विरुद्ध तीन हरल्या. पण सहाचं म्हणणंही एकसारखं नव्हतं. चौघा न्यायाधीशांनी म्हटलं, हा भेदभाव आहेच, पण नागरिकत्वाला काही किंमत राहावी आणि लोकांनी नागरिक व्हावं या हेतूने तो मर्यादेत क्षम्य आहे. दोघांनी म्हटलं, हा भेदभावच नाही. विरोधातल्या तिघांत सरन्यायाधीश मॅक्लाक्लिन होत्या. मला विचाराल तर विरोधी मत जास्त पटतं. भरतीत शेवटच्या रांगेत उभं केल्याने कुणी नागरिकत्वाचा अर्ज भरायला धावतो, असं अठरा वर्षांत मी पाहिलं नाही. लोक नागरिक होतात ते मुलांसाठी, मतदानासाठी, आणि खरं सांगायचं तर व्हिसाच्या रांगा चुकवायला.

कोर्टाने जे केलं नाही ते शेवटी संसदेने एका अर्थसंकल्पी विधेयकाच्या पोटात घालून करून टाकलं. २९ जून २०२१ ला कायद्यातली ती ओळ बदलली आणि ‘नागरिक’च्या जोडीला ‘पर्मनंट रेसिडेंट’ आले. आता क्रमात तुम्ही आणि इथे जन्मलेला माणूस एकाच पायरीवर. जाहिरातीत ‘कोण अर्ज करू शकतं’ या मथळ्याखालचं वाक्यही बदललं: कॅनडात राहणाऱ्या व्यक्ती, आणि परदेशातले नागरिक व पर्मनंट रेसिडेंट. गाजावाजा झाला नाही, म्हणून आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर अजून जुनीच माहिती फिरतेय.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. वर्क परमिटवाले अजूनही शेवटच्या पायरीवर आहेत. तुमचा भाचा पदवीनंतरच्या वर्क परमिटवर असेल तर त्याला हे सगळं लागू नाही, त्याने उगाच आशेवर राहू नये. दुसरं, काही संस्था या कायद्याच्या बाहेर आहेत किंवा त्यांच्या स्वतःच्या अटी आहेत. गुप्तचर संस्था सीसिस आणि सीएसई यांना नागरिकच लागतो, तिथे पीआर चालत नाही. उलट सैन्यदलाने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये पीआरवाल्यांना दार उघडलं. इतकी वर्षं लष्कर बंद आणि आता खुलं, पण गुप्तचर खातं बंदच. जग कुठे चाललंय ते यावरून ओळखा.

आता या क्रमाच्याही वर एक पायरी आहे, आणि तिच्याबद्दल कुणीच सांगत नाही. तिला म्हणतात ‘प्रायॉरिटी’. ज्या सरकारी माणसाची जागा कमी केली जाते, किंवा जो आजारपणाच्या रजेवरून परततो आणि जागा गेलेली असते, अशांचा हक्क आधी. मॅनेजरने जाहिरात लावली तरी या यादीतला लायक माणूस समोर आला तर माजी सैनिकही थांबतो. केंद्रातली नोकरदारांची संख्या मार्च २०२४ मध्ये ३,६७,७७२ होती, वर्षभरात ती ३,५७,९६५ वर आली. नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पाने २०२८-२९ पर्यंत ती ३,३०,००० च्या आसपास आणायचं ठरवलंय. म्हणजे प्रायॉरिटीची यादी लांबत जाणार. तुमच्या अकरा अर्जांतले काही या कारणानेही अडकले असतील. त्यात तुमचा पासपोर्ट कुठेच आला नाही.

आता दुसरा मित्र, कोटावाला. इथे आपलं मराठी डोकं सगळ्यात जास्त फसतं, कारण आपण लगेच बिंदुनामावली शोधतो. किती जागा खुल्या, किती राखीव, आपला प्रवर्ग कोणता, प्रमाणपत्र कुठून काढायचं. इथे यातलं काहीही नाही.

इथे आहे ती ‘एम्प्लॉयमेंट इक्विटी’, म्हणजे मागे राहिलेल्या गटांना नोकरीत न्याय्य वाटा मिळावा यासाठीचे प्रयत्न. हा शब्दच मुळी मुद्दाम घडवला गेला. १९८४ मध्ये न्यायाधीश रोझली अबेला यांच्या आयोगाने तो पुढे आणला. अमेरिकेतल्या ‘अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शन’भोवती जो राग साठला होता तो इकडे येऊ नये म्हणून नवा शब्द. १९८६ मध्ये पहिला कायदा झाला. सरकारी खात्यांना लागू असलेला सध्याचा कायदा १९९५ चा, अंमल ऑक्टोबर १९९६ पासून. त्यात चार गट: स्त्रिया, मूळनिवासी, अपंग व्यक्ती आणि ‘व्हिजिबल मायनॉरिटी’. या शेवटच्या गटाची व्याख्या वंश आणि कातडीच्या रंगावर आहे. जन्म कुठला, पासपोर्ट कुठला, याचा तिच्याशी संबंध नाही. तुम्ही त्यात आहात. टोरंटोत जन्मलेली तुमची मुलगी उद्या मोठी झाली की तीही असेल. शब्द कुरूप आहे, वंशभेदाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीनेही २००७ मध्ये त्यावर बोट ठेवलं होतं. कायद्याचा आढावा घेणाऱ्या अडेल ब्लॅकेट यांच्या कार्यदलाने डिसेंबर २०२३ च्या अहवालात तो बदलायला सांगितलंय.

त्याच कायद्याच्या ३३व्या कलमात सरळ म्हटलंय की कुठल्याही नियोक्त्यावर कोटा लादता येणार नाही आणि लायक नसलेल्याला घ्यायला भाग पाडता येणार नाही. हे कलम किती गरजेचं होतं ते ओंटारियोत दिसलं. तिथे राज्याचा स्वतःचा इक्विटी कायदा १९९३ मध्ये झाला आणि सरकार बदलताच १९९५ मध्ये रद्द झाला. रद्द करणाऱ्या कायद्याच्या नावातच ‘जॉब कोटा’ हे शब्द घातले होते. कोटा म्हणायचं आणि बुडवायचं, हे राजकारण सगळीकडे सारखंच.

मग इक्विटीने होतं काय? दोन ठिकाणी ती हाताला लागते. एक, मॅनेजर जाहिरातच एखाद्या गटापुरती लावू शकतो: ‘फक्त अमुक गटातल्यांनी अर्ज करावा’. हे कायदेशीर आहे, अधूनमधून होतं. दोन, ‘संस्थेची गरज’ म्हणून प्रतिनिधित्व वाढवणं असं जाहिरातीत लिहिलेलं असेल, तर लायक ठरलेल्या दहा जणांतून निवडताना मॅनेजर त्या गटातल्याला घेऊ शकतो. ‘लायक ठरलेल्या’ हे शब्द विसरू नका. आधी आवश्यक पात्रता, मग बाकी सगळं.

इथे ‘मेरिट’ या शब्दाचाही अर्थ वेगळा आहे. एमपीएससीत मेरिट म्हणजे यादी. एका गुणाने गेलं की गेलं. इथे २००५ पासून मेरिट म्हणजे आवश्यक पात्रतांची मर्यादा ओलांडणं. ती ओलांडलेले सगळे ‘मेरिटवाले’. त्यातून मॅनेजर आपल्या कामाला योग्य वाटेल तो निवडतो, पहिल्या नंबरचाच घेतला पाहिजे असं बंधन नाही. कायद्याने तर एकाहून जास्त माणसांचा विचार करण्याचीही सक्ती नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दोनदा वाचलं. डोंबिवलीच्या अभ्यासिकेत हे कुणी सांगितलं असतं तर आम्ही त्याला हाकलला असता. पण याच मोकळीकीत पक्षपात घुसतो, हे खरंच आहे. केंद्राच्या भरतीवर देखरेख करणाऱ्या पब्लिक सर्व्हिस कमिशनने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ऑडिटमध्ये व्हिजिबल मायनॉरिटी उमेदवारांचं प्रमाण अर्जांच्या छाननीत आणि पुन्हा मूल्यमापनात घटताना दिसलं, कृष्णवर्णीयांचं तर जास्तच. म्हणून कायद्यात दुरुस्ती झाली, आणि १ जुलै २०२३ पासून परीक्षा-मुलाखत लावण्याआधी तिच्यात कुणाची वाट अडवणारं काही आहे का, हे तपासणं बंधनकारक झालं. काही ठिकाणी मनापासून तपासतात, काही ठिकाणी एका पानाचा फॉर्म भरून फाइलला लावतात. दोन्ही पाहिलंय.

तो चौकोन टिक करावा का? करा. त्यासाठी दाखला लागत नाही, पडताळणी समिती नाही, टिक न केल्याने शिक्षाही नाही. पण समजून करा. अर्जातली टिक ही त्या भरतीपुरती. नोकरी लागल्यावर पुन्हा एक फॉर्म येतो, तो खात्याच्या आकडेवारीसाठी. अर्जात केली म्हणजे दुसरीकडे आपोआप जाते असं धरून अनेक जण दुसरा फॉर्म भरतच नाहीत. खोटी टिक मात्र करू नका, ती भरतीतली फसवणूक म्हणून चौकशीला जाऊ शकते.

आता ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो ती गोष्ट. नागरिकत्व आणि इक्विटी हे दोन वेगळे विषय वाटतात, पण ते एका आकड्यात गुंतलेले आहेत आणि त्या आकड्याकडे आपण बघत नाही.

खात्यात एखाद्या गटाची माणसं पुरेशी आहेत की कमी, हे कशाशी ताडून ठरवायचं? जनगणनेवरून एक आकडा काढतात, ‘वर्कफोर्स अ‍ॅव्हेलेबिलिटी’, म्हणजे त्या कामाला मिळू शकणाऱ्यांमध्ये त्या गटाचा वाटा किती. २०१६ च्या जनगणनेवरून केंद्राच्या मुख्य खात्यांसाठी व्हिजिबल मायनॉरिटीचा हा आकडा धरला होता १५.३ टक्के. त्याच जनगणनेवरून बँका, विमान कंपन्या वगैरे खासगी नियोक्त्यांसाठी वापरलेला आकडा होता २१.३ टक्के. देश एकच, वर्ष एकच. कामांचं स्वरूप वेगळं म्हणून थोडा फरक पडणारच. पण सरकारच्या आकड्यात मुळात फक्त नागरिकच मोजले होते, हे त्यातलं मोठं कारण. तर्क असा की भरतीत नागरिकांना प्राधान्य आहे, तेव्हा मिळू शकणारे म्हणजे नागरिकच.

परिणाम बघा. २०१९-२० मध्ये केंद्रात या गटाचं प्रमाण १७.८ टक्के होतं. १५.३ शी ताडलं तर ‘अपेक्षेपेक्षा जास्त’. बैठकीत हिरव्या रंगाचा रकाना दाखवायचा, सगळे खूश. २१.३ शी ताडलं तर लाल. त्यातली खरी गंमत अशी की वरच्या आकड्यात, म्हणजे नोकरीत असलेल्यांच्या मोजणीत, स्वतःची नोंद करणारा प्रत्येक जण धरला जातो. पासपोर्ट कुणी विचारत नाही. खालच्या आकड्यात मात्र फक्त नागरिक होते. भागाकार करताना वर एक माप आणि खाली दुसरं. किराणा दुकानात असं केलं तर वजनमापवाले येतील.

मी हा मुद्दा एका बैठकीत काढला होता. समोरच्या अधिकाऱ्याने शांतपणे सांगितलं, पद्धत ठरलेली आहे. पद्धत ठरलेली होती हे बरोबरच, पण ती ज्या ओळीवर उभी होती ती २०२१ ला गेली. तुम्ही कायद्याने नागरिकाच्या बरोबरीने उभे असाल तर मोजतानाही बरोबरीने मोजले गेले पाहिजेत, एवढं सरळ आहे. हा आकडा तुमच्या बाराव्या अर्जाचं काही करणार नाही. पण एखाद्या मॅनेजरला ‘आमच्याकडे या गटाची कमतरता आहे’ असं लिहिता येतं की नाही, ते याच्यावरच ठरतं. कमतरता कागदावर नसेल तर गटापुरती जाहिरात लावायला सबळ कारण उरत नाही. कोटा नसलेल्या देशात हेच काय ते वजन, आणि तेच वजन वर्षानुवर्षं हलकं धरलं गेलं.

आता जमिनीचं. वहिनींची काळजी खोटी नाही, फक्त धागा चुकीचा पकडलाय. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. कॅनडाचं घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं, पासपोर्ट परत करायचा, मग परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड घ्यायचं. ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. पण आज तुम्ही एनआरआय आहात, आणि एनआरआयलाही ती विकत घेता येत नाही. म्हणजे जे जाईल असं वाटतंय ते कॅनडात स्थायिक झालात तेव्हाच गेलंय. वडिलांच्या पश्चात वारसा हक्काने मिळणारी जमीन ओसीआयवाल्यालाही घेता येते, सातबाऱ्यावर नाव लागतं. खरंच जातं ते भारतातलं मतदान आणि तिथली सरकारी नोकरी. शेताचे तपशील मात्र तालुक्याच्या वकिलाला दाखवा, मी भरतीवाला माणूस.

नागरिकत्वासाठी अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस कॅनडात काढलेले हवेत. पीआरच्या आधी वर्क परमिटवर वा विद्यार्थी म्हणून काढलेला प्रत्येक दिवस अर्धा धरतात, जास्तीत जास्त ३६५ पर्यंत. तुमची दोन वर्षं झालीत, त्याआधी इथे काम केलं असेल तर तुम्ही वाटतं त्यापेक्षा जवळ आहात. घ्यायचं की नाही ते तुमचं, पण केवळ सरकारी नोकरीसाठी घेत असाल तर सीसिस-सीएसई सोडून बाकी ठिकाणी त्याने क्रम बदलणार नाही.

मग अकरा अर्ज का गेले? बहुतेक वेळा कारण एकच असतं, आणि ते फार साधं आहे. स्क्रीनिंगच्या प्रश्नांची उत्तरं. समजा प्रश्न आहे, ‘सॉफ्टवेअर प्रणालीच्या गरजांचं विश्लेषण करण्याचा अनुभव’. आपली माणसं लिहितात: ‘या क्षेत्रात सहा वर्षांचा दांडगा अनुभव आहे, रेझ्युमे पाहावा.’ छाननी करणारी मुलगी, बहुधा सीआर-०४ या कारकुनी दर्जाची, तिच्यापुढे तीनशे अर्ज आणि एक तक्ता. तक्त्यात विचारलंय: कुठे, कधी, काय केलं. तिला उत्तरात ते सापडलं नाही तर ती ‘नाही’ लिहिते. रेझ्युमेत जाऊन शोधणं तिचं काम नाही, अनेक जाहिरातींत तसं लिहिलेलंही असतं. हेच असं लिहा: ‘जून २०१८ ते मार्च २०२१, पुण्यात एका विमा कंपनीच्या दावे-विभागासाठी. दावे हाताळणाऱ्या चौदा जणांच्या मुलाखती घेतल्या, त्यांच्या कामाचे टप्पे लिहून काढले, त्यावरून बावीस गरजांची यादी केली, कोणत्या आधी बांधायच्या ते विभागप्रमुखासोबत ठरवलं.’ आकडे तुमचे, काम तुमचं. आपल्याला स्वतःबद्दल इतकं खणून लिहायला संकोच वाटतो, पण इथे संकोच म्हणजे रिकामा रकाना. काही वर्षांपूर्वी कमिशनने १७ खात्यांत नावं झाकून छाननी करून पाहिली. व्हिजिबल मायनॉरिटी उमेदवारांच्या निकालात लक्षणीय फरक पडला नाही. आडनावामुळे कधीच अडत नाही असं मी म्हणणार नाही, पण रिकाम्या रकान्यामुळे अडलेले मी मोजण्यापलीकडे पाहिलेत.

दारं आणखीही आहेत. ‘कॅज्युअल’ म्हणून एका खात्यात वर्षाला ९० कामाचे दिवस घेता येतात, आणि त्या नेमणुकीला ३९व्या कलमातला क्रम लागतच नाही. मॅनेजर थेट बोलावू शकतो. कॅज्युअल असताना आतल्या जागांसाठी अर्ज चालत नाही हे खरं, पण कामाचा माणूस दिसला की मॅनेजर पुढचा मार्ग शोधतो. ठरावीक मुदतीच्या ‘टर्म’वर लागलात की आतल्या भरतीत उभे राहता येतं, आणि तिथे कुणाचं नागरिकत्व कोणी विचारत नाही. ओंटारियो सरकारच्या नोकऱ्या विसरू नका. तिथे नागरिकांना असं प्राधान्य नाही, शिवाय राज्याच्या मानवाधिकार संहितेत नागरिकत्व हा भेदभावाचा आधार म्हणून नावानिशी आहे. केंद्राच्या मानवाधिकार कायद्यात तो शब्द नाही.

दोन कामं आजच सुरू करा. मुंबई किंवा पुणे विद्यापीठाची पदवी असेल तर तिची कॅनडातल्या पदवीशी समकक्षता ठरवून ठेवा. विद्यापीठातून बंद पाकिटातल्या मार्कशीट काढायला वेळ लागतो, आणि ऑफर आल्यावर कालिन्याला भावाला पाठवायची धावपळ मी कितीदा तरी पाहिली आहे. दुसरं, सुरक्षा तपासणी. साध्या ‘रिलायबिलिटी’साठी मागची पाच वर्षं, ‘सीक्रेट’साठी दहा वर्षं तपासतात. तुमची त्यातली बरीचशी भारतात गेलीत, म्हणजे उशीर ठरलेला. राहिलेले सगळे पत्ते, तारखांसकट, एका कागदावर लिहून ठेवा. बाणेरचा तो भाड्याचा फ्लॅटसुद्धा. फ्रेंचचं काय, असं विचाराल तर चाळीस टक्क्यांहून थोड्या जास्त जागा द्विभाषिक आहेत, उरलेल्यांकडे आधी बघा.

निकाल अन्यायाचा वाटला तर बाहेरच्या उमेदवाराची तक्रार आतल्या भरतीच्या तक्रारी ऐकणाऱ्या बोर्डाकडे जात नाही, ती पब्लिक सर्व्हिस कमिशनकडे चौकशीसाठी जाते. त्याआधी भरती करणाऱ्याला एक साधी ईमेल टाका: कोणत्या पात्रतेवर बाद झालो? बहुतेक जण उत्तर देतात. अकरापैकी निदान शेवटच्या तिघांना आज विचारा, म्हणजे तर्क करत बसायला नको.

आणि बारावा अर्ज भरताना शेवटची तारीख नीट वाचा. जीसी जॉब्सची मुदत रात्री ११:५९ ला संपते, पण ती पॅसिफिक वेळ. ब्रॅम्प्टनला तेव्हा पहाटेचे तीन वाजत आलेले असतात. त्या तीन तासांच्या भरवशावर बसू नका. शेवटच्या रात्री संकेतस्थळ रडतं, आणि ‘सेव्ह’ केलेला अर्ज म्हणजे ‘सबमिट’ केलेला अर्ज नव्हे.